साठ सालचा टप

१

वेंकटरावांच्या पट्टरैत, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकायच्या शेडमध्ये, शिवराजची सकाळ ठरलेली असे. शटर वर सारायचं, दाराशी पाणी शिंपडायचं आणि आदल्या दिवशी अर्धवट राहिलेल्या गाडीवरून एकदा उघडा तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा पोचा हाताला कळतो, असं वेंकटराव सांगत. ते त्याचे मामा. तंजावरच्या करंदै भागातल्या त्या रस्त्यावरून तिरुवैयारूच्या बसगाड्या आणि मोपेडी दिवसभर धावत. त्यातलं कोणी ना कोणी रोज कशाला तरी धडके, त्यामुळे शेडला कामाचा तुटवडा कधीच नव्हता.

शिवराज मनापासून काम करी, पण बोलायची वेळ आली की त्याची जीभ अडे. आठवीत असताना वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली, तेव्हा ती पाळी आपल्यापर्यंत पोचण्याआधीच तो दप्तर उचलून घरी आला होता. परत गेलाच नाही. मामांनी त्याच्या हातात लाकडी हातोडी दिली आणि विषय संपवला. पत्र्याशी बोलावं लागत नाही, याचं त्याला फार बरं वाटे.

त्या वर्षी चित्तिरै महिना, म्हणजे ऐन उन्हाळा, लागताना गुरुराव आपली हिरवी गाडी घेऊन आले. सदुसष्ट सालची, विलायती, दोनच आसनांची, वर कापडी टप. पाटबंधारे खात्यात असताना तरुणपणी त्यांनी ती एका मळेवाल्याकडून घेतली होती. तेव्हापासून दर रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी महालक्ष्मीकाकी टप मागे टाकून तिरुवैयारूला, नदीवर जात. घरात दोघंच. ही फेरी म्हणजे त्यांचा सण होता. मग काकींच्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं आणि कानाला वारा लागला की त्यांना घेरी येऊ लागली. कापडी टप लावला तरी फटीफटीतून वारा यायचाच. दोन वर्षं त्या गाडीत बसल्या नव्हत्या.

गुरुरावांच्या मागोमाग एक छोटा टेंपो आला. त्यात गोणपाटात गुंडाळलेला पत्र्याचा टप होता आणि सोबत समोरची काच, चौकटीसकट. सगळं त्याच कंपनीचं, त्याच जातीच्या गाडीचं, पण साठ सालचं. निलगिरीत, कोत्तगिरीच्या बाजूला कुठल्याशा बंद बंगल्याच्या गॅरेजमधून आणलेलं.

वेंकटरावांनी गोणपाट उचलून पाहिलं. "राव, हा आपल्या गाडीचा नाही."

"आपल्याच गाडीचा," गुरुराव म्हणाले. "फक्त थोरल्या भावाचा."

"थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो. टोपी होत नाही. डोकी वेगळी असतात."

"म्हणून तर चौकटही आणली. टोपी बसत नसेल तर कपाळच बदला."

मामा हसले. मग शिवराजकडे वळून म्हणाले, "हे तू कर. मला इतका धीर राहिला नाही आता."

गुरुरावांनी शिवराजच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या काकीला एकदा नदीवर न्यायचंय, बाबा. तिच्या कानाला वारा लागू द्यायचा नाही. एवढंच काम आहे."

२

एवढंच काम शिवराजला पुढचे कित्येक दिवस पुरलं.

साठ सालच्या टपाचा पुढचा ओठ फक्त साठ सालच्या चौकटीवरच बसे. नंतरच्या गाड्यांची काच दोन बोटं उंच होती आणि जरा उभी. म्हणून आधी गाडीची स्वतःची काच काढावी लागली. जुनी चौकट तिथे ठेवली, तर तिचे पाय बोल्टांच्या भोकांवर येईनात. शिवराजने जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, त्यांना नवी भोकं पाडली आणि चौकट त्यांवर बसवली. दारांचा घोळ निराळाच होता. जुन्या गाडीला दारात काच नसे, वरून अडकवायचं सरकतं तावदान असे. या गाडीला मात्र दांडी फिरवून वर येणारी काच होती. ती वर आली तरी टपाच्या कडेला टेकत नव्हती. मध्ये वाकडी, कुठे रुंद कुठे अरुंद अशी फट राही. तिथे जाड रबर कातरून, चिकटवून, परत काढून तो बसवत गेला.

टप पहिल्यांदा वर ठेवला तेव्हा मामांसह चौघे लागले. दिसायला तो तेवढा जड दिसत नव्हता.

"आत काही भरलंय का रे?" रंगकाम करणारा राममूर्ती म्हणाला आणि हात झटकत आपल्या डब्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे तळवा फिरवायला शिवराज गाडीजवळ गेला, तेव्हा समोरच्या काचेवर त्याला एक डाग दिसला. डाव्या अंगाला, चौकटीच्या अगदी खालच्या कडेपाशी. वाटीच्या तोंडाएवढा, धुरकट. त्याने फडक्याने पुसला, पण तो जाईना, कारण तो आतून होता. दार उघडून, आडवं होऊन त्याने आतून फडकं लावलं. फडकं किंचित ओलं झालं.

वाफ, असं त्याच्या मनात आलं. पण तंजावरात चित्तिरैमध्ये काचेवर वाफ धरत नाही. धरलीच तर पहाटे, बाहेरून, नदीकाठच्या गावांत धरते. चार भिंतींच्या शेडमध्ये, बंद गाडीच्या आत ती कुठून येणार? रबर चिकटवायच्या डिंकाला वास असतो, तो रात्रभर सुकतो, त्याची वाफ होत असेल. हे त्याला पटलं. डिंक उजव्या अंगालाही तितकाच लावला होता, हे त्याला दुपारी जेवताना आठवलं.

३

टप बसला की पाण्याची परीक्षा असते. दोघांचं काम. एकाने गाडीत बसायचं, दारं लावून घ्यायची. दुसऱ्याने बाहेरून पाइपने सांध्यासांध्यावर पाणी सोडायचं. पत्र्यावर पाणी पडताना आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून आतल्याने जिथे पाणी झिरपतंय तिथे बोटाच्या पेराने ठोकायचं. ठोक आली की बाहेरच्याने तिथे खडूची खूण करायची. त्या शेडमध्ये ही रीत मामांच्या आधीपासूनची. ठोक म्हणजे 'इथे बुजव'. तिचा दुसरा अर्थ कोणाला माहीत नव्हता.

आत बसला प्रवीणकुमार. शिवराजच्याच वयाचा, पापनाशमचा, तोंडाने फटकळ.

"डेय शिवा, लवकर आटप. इडलीच्या भांड्यात घातल्यासारखं वाटतंय. झाकण उघडशील तेव्हा मी फुगलेला असेन."

शिवराजने पाणी सोडलं. उजव्या पुढच्या कोपऱ्यातून ठोक आली, घट्ट, दोनदा. त्याने खूण केली. पाइप मागून डावीकडे आणला. डाव्या दाराच्या वर ठोक आली, हलकी. त्याने खूण केली. मग त्याच दाराच्या पुढच्या टोकाला, चौकटीच्या पायाशी. तीही खूण झाली.

प्रवीणकुमार घामाने निथळत बाहेर आला. "एकच जागा. उजवा कोपरा. बाकी छान."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे काय? मी उजव्या सीटवर. मधून हा एवढा बोगदा गेलाय गिअरचा. तिकडे हात पोचवायला मी काय माकड आहे?" मग स्वतःच म्हणाला, "तू म्हणतोस तर असेन."

शिवराज हसला आणि त्याने स्वतःची समजूत घातली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की पत्रा बोलतो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. टकटक करतो, कधी जोरात दचकवतोही. यात नवल काही नव्हतं.

पण खडूच्या खुणा होत्या, म्हणून त्याने तिथे बोट घातलं. आतला गालिचा कोरडा होता. पाणी आलंच नव्हतं. फट मात्र होती, दोन्ही जागी, नख जाईल एवढी. उजेडाची बारीक रेघ त्यातून आत पडत होती.

पाणी आज आलं नाही म्हणून उद्या येणार नाही असं थोडंच आहे, असा विचार करून त्याने दोन्ही जागा रबराने बुजवल्या. काम मनासारखं झाल्याचं समाधानही त्याला वाटलं.

४

महालक्ष्मीकाकी मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा घेऊन आल्या, तेव्हा शेडमध्ये शिवराज एकटाच होता. मामा सुट्या भागांच्या दुकानात गेले होते.

काकींशी बोलायला त्याला भीती वाटत नसे. तो मध्ये अडला की लोक त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत, बहुतेक चुकीचं. काकी थांबत. त्याचा शब्द येईपर्यंत साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहत, आणि शब्द आला की मान हलवत.

"माझी जागा ती ना?" त्यांनी डाव्या सीटकडे पाहिलं. "पाय पुरतील?"

"पुरतील, काकी."

"सरि, बरं. नदीत पाणी नसेल आता. वाळू तरी असेल. वाळूत पाय घालून बसले की मला पुरे." त्यांनी गाडीच्या टपावर तळवा ठेवला, जसा शिवराज ठेवी तसाच. आणि तो तिथेच राहू दिला.

रस्त्यावरून बस गेली. धूळ खाली बसली. काकींचा हात अजून तिथेच होता.

"आत कोण बसलंय?"

"को... कोणी नाही, काकी."

"हं." त्यांनी मान थोडी तिरकी केली. ऑपरेशन झालेला कान पत्र्याच्या बाजूला आला. "या कानाला ऐकू येत नाही, पण भलतंच काहीतरी येत असतं. डॉक्टर म्हणाले, कान रिकामा बसत नाही. काम नसलं की स्वतःच काहीतरी करत बसतो. आमच्या यांच्यासारखा."

त्या हसल्या. शिवराजही हसला. जाताना त्यांनी तळवा उचलला आणि पदराला पुसला. गार पाण्याचं भांडं धरल्यावर पुसतात तसा. शेडच्या पत्र्याखाली तेव्हा उभं राहवत नव्हतं, इतकं ऊन होतं.

५

प्रवीणकुमार बहिणीच्या डोहाळजेवणाला पापनाशमला गेला. वळैकाप्पू म्हणतात तिकडे. बांगड्या भरतात, चार दिवस पाहुणे असतात. गुरुराव मात्र शुभ दिवस काढून बसले होते, तेव्हा काम थांबवून चालणार नव्हतं.

शिवराज एकटाच पाइप घेऊन उभा राहिला. आत कोणी नसताना परीक्षा घ्यायची म्हणजे पाणी सोडायचं, बंद करायचं, दार उघडून आत ओलं कुठे झालं ते पाहायचं. वेळखाऊ काम. पण पाणी सोडल्यावर पहिल्याच मिनिटाला ठोक आली.

डाव्या दाराच्या मागच्या टोकाला. हलकी. दोनदा.

तो थांबला. पाणी बंद केलं. ठोक आली नाही. पुन्हा सोडलं, आणि पुन्हा तिथेच.

पत्रा बोलतोय, त्याने स्वतःला सांगितलं. जिथे दोन पत्रे एकमेकांना घासतात तिथे तो बोलणार, आणि जिथे घासतात तिथे सांधा पक्का नसणार. म्हणजे पत्रा खरंच फट दाखवतोय. हे इतकं सरळ होतं की त्याला आपल्या भीतीची लाज वाटली. त्याने खूण केली. बोट घातलं. पाणी नव्हतं, फट होती. बुजवली.

त्यानंतर काम फार वेगात झालं. ठोक येई, तो खूण करी, रबर लावी. मागच्या तावदानाच्या कडेला, टपाच्या बोल्टाशी, डाव्या दाराच्या खाली. शाळेत कधी मिळालं नाही असं काहीतरी त्याला त्या दिवसांत मिळालं. कोणीतरी न बोलता सांगत होतं आणि तो न बोलता समजत होता. संध्याकाळी हात धुताना तो मनातल्या मनात म्हणे, आज चांगली साथ मिळाली. कोणाची, ते तो स्वतःला विचारत नसे.

फक्त दोन गोष्टी त्याला खटकत. सगळ्या ठोका डाव्या अंगाला होत्या. आणि काचेवरचा तो डाग रोज सकाळी थोडा मोठा होई. आता तो ताटाएवढा झाला होता, आणि पुसला की दुपारपर्यंत परत येई. वर मात्र सरकत नसे. नेहमी खालच्या कडेशी, काकी सीटवर ताठ बसल्या तर त्यांच्या छातीलाही लागणार नाही इतक्या खाली.

शेवटची फट बुजवली त्या दुपारी त्याने पाणी सोडलं, तेव्हा कुठूनच काही आलं नाही. त्याने सगळ्या सांध्यांवरून पाइप फिरवला. मग टपाच्या बरोबर मधून, जिथे सांधा नाही की जोड नाही, तिथून एकच आवाज आला. पेराचा नव्हे. अख्ख्या तळव्याचा.

त्याने पाणी बंद केलं आणि शेडच्या बाहेर, नारळवाल्याच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला. नारळवाल्याने न विचारताच एक शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं.

६

गुरुरावांनी काढलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी प्रवीणकुमार परत आला, दोन्ही खिशांत लाडू घेऊन. शेवटची परीक्षा राहिली होती.

"या वेळी मी बसतो आत," शिवराज म्हणाला.

"बस. मलाही कळू दे बाहेर उभं राहण्यात काय मजा आहे."

शिवराज उजव्या सीटवर बसला. दार नव्या रबरात इतकं घट्ट बसलं होतं की प्रवीणकुमारला ते कमरेने ढकलून लावावं लागलं. कडीचा आवाज झाला आणि त्याबरोबर बाहेरचं सगळं बंद झालं. रस्ता, हातोडी, राममूर्तीचा रेडिओ, काहीच नाही. आपलं काम किती नेटकं झालंय हे त्याला पहिल्यांदाच आतून कळलं. जुनी काच बुटकी होती. समोर पाहायचं तर मान खाली घालावी लागे.

पाणी सुरू झालं. काचेवरून पदर सुटावा तसं ओघळलं. आत थेंबही आला नाही. त्याने डावीकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं त्याने ठरवलंही नव्हतं.

थोड्या वेळाने त्याला श्वास जड वाटू लागला. पुरे झालं म्हणून त्याने दाराची आतली कडी ओढली. कडी फिरली, पण दार हललं नाही. रबराने ते धरून ठेवलं होतं. खांदा लावायला त्या बुटक्या जागेत वळता येत नव्हतं. काच खाली घ्यायच्या दांड्या रबर लावताना काढल्या होत्या, त्या अजून परत बसवायच्या होत्या. हरकत नाही, प्रवीण आहे. त्याने दाराच्या वर पत्र्यावर ठोकलं.

प्रवीणकुमारचा पाण्याआडचा चेहरा वळला. तो हसला. हात वर करून त्याने तिथे खडूची खूण केली आणि पाइप नेमका तिथेच धरला.

शिवराजने जोरात ठोकलं, थोडं पुढे. प्रवीणकुमारने मान डोलावली, तिथेही खूण केली. शिवराजने काचेवर हात आपटला. पाण्यापलीकडे प्रवीणकुमार अंगठा दाखवत होता. समजलं, समजलं. बुजवू.

त्या हसऱ्या, कामसू चेहऱ्याकडे पाहताना शिवराजचे हात थांबले. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, आणि तरी तो त्याला पाठ होता. तो त्याचाच होता. गेले कित्येक दिवस बाहेर उभं राहून, पाइप धरून, खुणा करत, तो आतल्या कोणाला तरी हाच चेहरा दाखवत होता.

डावीकडून ठोक आली. हलकी, दोनदा. फट होती त्या जागी, जी त्याने पहिल्याच दिवशी बुजवली होती.

मग त्याने पाहिलं. सीट रिकामी होती. समोरच्या काचेच्या खालच्या कडेवर वाफेचा डाग होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो पसरला, आक्रसला, परत पसरला. त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला. डाग पसरत राहिला. त्याच्या नेहमीच्या श्वासापेक्षा खूप भरभर.

प्रवीणकुमारने दार ओढून उघडलं तेव्हा तो धडपडत बाहेर आला.

"दोनच जागा," प्रवीणकुमार म्हणाला. "उद्यापर्यंत होऊन जाईल. अरे, असा काय पांढरा पडलास? म्हटलं नव्हतं, इडली होते?"

७

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडीच्या बोनेटवर कुंकू, हळद लावली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुराव इस्त्रीच्या शर्टात आले. काकींनी केसांत मोगरा माळला होता, पायांत सपाता होत्या, वाळूत काढायला सोप्या. कानात कापूस.

शिवराज रात्रभर एक वाक्य जुळवत होता. ते तोंडाशी आलं आणि नेहमीसारखं तिथेच अडलं. गुरुरावांनी काकींसाठी डावं दार ओढलं. तेव्हा तो पुढे झाला आणि दारावर हात ठेवून ते परत लावून टाकलं.

"काय रे?" गुरुराव म्हणाले.

"न... नका बसू, काकी."

"राहिलंय का काही?" मामांनी विचारलं. "राहिलं असेल तर तसं सांग. शुभ वेळेला दार काय अडवतोस?"

"टप क... काढायला हवा."

"बसवायला महिना घेतला आणि आता काढायला हवा?" मामांचा आवाज चढला. "बघितलंत राव? याला काम दिलं की असं होतं. हात सोन्याचे आणि डोकं..."

"त्याला बोलू द्या," काकी म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

सगळे थांबले. शिवराजला घाम फुटला. शब्द एकेक करून आले.

"आत कोणीतरी आहे. ठोकत होतं. मला वाटलं, फटी दाखवतंय. म्हणून मी... मी सगळ्या बंद केल्या."

प्रवीणकुमार हसायला गेला आणि शिवराजचं तोंड पाहून गप्प झाला. गुरुरावांनी वाकून काचेतून आत पाहिलं. मग सरळ झाले, आणि शिवराजकडे जसं बघितलं तसं त्यांनी त्याच्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. राग नव्हता. कीव होती. ती जास्त लागली.

"आत कोणी नाही, बाबा. हिला दोन वर्षांनी बाहेर नेतोय. हे काय घेऊन बसलास?"

काकी आत पाहत नव्हत्या. त्यांनी फक्त टपावर तळवा ठेवला होता.

"काढ," त्या म्हणाल्या.

"अगं, टप काढला तर तुला बसता येणार नाही. वारा..."

"माहीत आहे मला. काढ रे."

शिवराजने पाना घेतला. पुढचे खटके सोडवले, मागचे बोल्ट फिरवले, सुरीने आपणच चिकटवलेलं रबर कडेकडेने चिरलं. कातडं फाटावं तसा आवाज होत गेला. शेवटची पट्टी सुटली तेव्हा गाडीतून हवा बाहेर पडली, शिळी, गार, आणि मोगऱ्याच्या वासाला क्षणभर मागे सारून गेली. मामांनी कपाळाला हात लावला, पण टप उचलायला आले. गुरुरावही आले. चौघांनी मिळून जोर लावला आणि चौघेही मागे कोलमडता कोलमडता राहिले. टप कागदासारखा वर आला. प्रवीणकुमार आणि शिवराज, दोघांनीच तो भिंतीशी नेऊन ठेवला.

शिवराज वळला तेव्हा डावं दार उघडं होतं. कोणी उघडलं ते त्याने पाहिलं नाही. काकी दाराशी होत्या, आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. निऱ्या हाताने आवरून, जरा बाजूला होऊन, बसच्या पायरीवरून उतरणाऱ्याला जागा देतात तशा. त्यांची नजर खाली होती. कमरेच्याही खाली. ती नजर सावकाश सीटवरून दाराच्या उंबऱ्यावर आली, उंबऱ्यावरून जमिनीवर, आणि त्यांच्या स्वतःच्या पदरापाशी येऊन थांबली.

"काकी?" शिवराज म्हणाला.

त्यांनी वर पाहिलं. चेहरा शांत होता. शिवराजने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, त्यावर भीती होती का. नव्हती. असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"नदीवर परत कधीतरी," त्या गुरुरावांना म्हणाल्या. "आज घरी जाऊ. चालत."

"एवढ्या उन्हात? रिक्षा बोलावतो."

"नको. चालत जाऊ."

त्या निघाल्या. गुरुराव मामांशी दोन शब्द बोलले, शिवराजच्या पाठीवर न बघताच हात ठेवला आणि त्यांच्या मागे गेले. शिवराज दारात उभा राहून पाहत होता. करंदैच्या त्या रस्त्याला एका बाजूला लांबच लांब भिंत आहे, आणि सकाळच्या वेळी तिच्या कडेने एका माणसाला पुरेल एवढी सावलीची पट्टी असते. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्या पट्टीतून जातो. काकी तिच्या बाहेरून, उन्हातून चालल्या होत्या. आणि हळू, फार हळू, सोबत लहान मूल असावं तशा पावलांनी.

गुरुराव गाठायला आले तेव्हा त्यांनी साहजिकच सावलीत पाऊल टाकलं. काकींनी हात आडवा केला.

"तिकडून नका येऊ," त्या म्हणाल्या. "या बाजूने या."

गुरुराव थबकले, आणि उन्हात उतरून त्यांच्या पलीकडून चालू लागले.